विजेवर थंड, गॅसवर कोमट

पत्र

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. गेल्या वर्षी एक जुनं मोटरहोम घेतलं, २००८ सालचं. हिवाळाभर ते घरापुढे नुसतं उभं होतं. एप्रिलच्या सुट्टीत स्कॉटलंडच्या नॉर्थ कोस्ट ५०० या रस्त्यावर निघालो. गाडीतला फ्रिज तीन प्रकारे चालतो: गाडी चालू असताना बॅटरीवर, कॅम्पसाइटवर हुकअपच्या, म्हणजे तिथल्या खांबावरून तारेने घेतलेल्या विजेवर आणि एरवी गॅसवर. पहिल्या दोन्हींवर छान थंड होतो. गॅसवर लावला की अर्धा मिनिट टिकटिक करतो आणि लाल दिवा लागतो. एकदोनदा पेटला, पण थोड्या वेळाने विझला. शेगडी मात्र व्यवस्थित पेटते.

उलापूलच्या पुढे दोन रात्री हुकअप मिळाला नाही. इडलीचं पीठ डब्याचं झाकण उचलून फ्रिजभर पसरलं. परतल्यावर एका डीलरला विचारलं. तो म्हणाला, हा फ्रिज संपला, काढून कॉम्प्रेसरचा बसवा. खर्च हजार पौंडांच्या वर. नवऱ्याला ते पटलंय. सासरे सांगलीहून आलेत, त्यांचं म्हणणं, आपण स्टोव्हला पिन मारायचो तशी मारा, लगेच सुटेल. मी कोणाचं ऐकू? आणि गाडी चालवताना फ्रिज गॅसवरच ठेवला तर चालतो का?

— केतकी

उत्तर

केतकीताई, डीलरला नाही म्हणून कळवा. सासऱ्यांनाही नाही म्हणा, पण जरा हळू. कारण त्यांचं निदान बहुतेक बरोबर आहे, औषध तेवढं चुकलंय.

फ्रिज संपलेला नाही हे मी इथे बसून एवढ्या खात्रीने सांगतोय, कारण त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या गाडीतल्या फ्रिजला घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतो. मागच्या नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद करून ठेवलेले असतात. खालून उष्णता दिली की पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो, थंड होऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या सोबतीने आत पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी परत पाण्यात विरघळतो. यात फिरणारा, घासणारा एकही भाग नाही. १९२२ मध्ये स्टॉकहोमला शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही जुळणी काढली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

या नळ्यांना उष्णता कुठून येते याच्याशी काही देणंघेणं नसतं. हुकअपवर २३० व्होल्टचं कॉइल तापतं, रस्त्यावर १२ व्होल्टचं, आणि मुक्कामी एक छोटी गॅसची ज्योत. तिन्ही एकाच जागेला ऊब देतात. विजेवर तुमचा फ्रिज थंड होतो म्हणजे अमोनिया जागच्या जागी आहे, नळ्या शाबूत आहेत, दाराचं रबर ठीक आहे. बिघाड आहे तो फक्त ज्योतीचा. एका ज्योतीपायी अख्खा फ्रिज उचकटून काढायचा, हा सल्ला ऐकून मला डीलरपेक्षा तुमच्या यजमानांचं जास्त नवल वाटलं. (कॉम्प्रेसरचा फ्रिज वाईट नसतो. पण तो सतत बॅटरी खातो, म्हणजे मागोमाग मोठी बॅटरी आणि सोलर पॅनेल आलंच. हजारावर ते थांबत नाही.)

फ्रिज खरोखर संपला असता तर तो तिन्हींवर गप्प बसला असता. मागे अमोनियाचा नाकात झोंबणारा वास आला असता, किंवा नळ्यांवर पिवळी पूड दिसली असती. ती गंज रोखायला आत घातलेल्या क्रोमेटची असते आणि विषारी असते. तशी पूड कधी दिसलीच तर हात लावू नका, आणि तेव्हा मात्र नव्या फ्रिजचा विचार करा.

आता ज्योत का पेटत नाही ते बघू. तुमचा सगळा भरवसा "शेगडी व्यवस्थित पेटते" या वाक्यावर आहे. त्याने गॅस आहे एवढं कळतं, पुरेसा आहे की नाही ते कळत नाही. फ्रिजचा बर्नर फार लहान असतो, शेगडीच्या एका बर्नरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. दिवसरात्र चालवला तरी साधारण पाव किलो, फार तर त्याहून थोडा जास्त गॅस जळतो. इतका थोडा गॅस लागतो, म्हणून त्याच्या जेटचं, म्हणजे गॅस जिच्यातून बर्नरला येतो त्या तोटीचं, छिद्रही तसंच बारीक. शेगडी ज्या कचऱ्याची पर्वा करत नाही, तेवढ्या कचऱ्याने हे छिद्र बुजतं.

पण जेटवर आळ घेण्याआधी चार गोष्टी घरच्या घरी बघून टाका. पैसे लागत नाहीत.

पहिली म्हणजे सिलिंडरचा रंग. आपल्याकडे लाल सिलिंडर म्हणजे घरचा गॅस, एवढंच डोक्यात असतं आणि त्यात प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण असतं. ब्रिटनमध्ये नेहमीच्या सिलिंडरांत लाल म्हणजे प्रोपेन आणि निळा म्हणजे ब्यूटेन. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचाच थांबतो, आणि त्याच्या चार-पाच अंश आधीपासून मरगळतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत दम धरतो. जुन्या मालकाने निळा सिलिंडर ठेवलेला असेल, तर एप्रिलात स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये दुपारी चहा सुखाने होईल आणि पहाटे फ्रिज विझलेला सापडेल. तुम्ही शेगडी कधी पेटवून पाहिलीत, दुपारी की पहाटे? निळा असेल तर लाल घ्या. मात्र दोघांचे रेग्युलेटर बसण्याची तऱ्हा वेगळी असते, त्यामुळे नुसता सिलिंडर आणून भागत नाही, जोडणीही बदलावी लागते.

दुसरी, कॉक. स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या कपाटात तीन-चार छोटे कॉक ओळीने असतात: शेगडीचा, हीटरचा, फ्रिजचा. हिवाळ्यापूर्वी कोणीतरी ते सगळे बंद केलेले असतात आणि वसंतात एकच उघडायचा राहतो. तुमचा एकदोनदा पेटला, म्हणजे कॉक पूर्ण बंद नसणार, पण अर्धवट फिरलेला असू शकतो.

तिसरी, बॅटरी. गॅसवर चालतानाही ठिणगी पाडायला आणि गॅसची झडप उघडायला १२ व्होल्टची वीज लागते, आणि ती गाडीतल्या घरगुती बॅटरीतून येते. दोन रात्री हुकअप नाही, त्यात दिवे, पंप, मुलांचे फोन. बॅटरी उतरली की टिकटिक क्षीण होते. गाडी हुकअपवर असताना फ्रिजचं बटण मुद्दाम गॅसवर करून बघा. तेव्हा पेटला तर दोष बॅटरीचा.

चौथी, हवा. सहा महिने उभ्या गाडीच्या नळीत हवा शिरते. शेगडीची हवा क्षणात निघून जाते, फ्रिजच्या इवल्याशा छिद्रातून ती निघायला वेळ लागतो. तोवर फ्रिज अर्धा मिनिट ठिणग्या पाडतो, थकतो आणि लाल दिवा लावून बसतो. फ्रिज बंद करा, थोडं थांबा, पुन्हा लावा. असं पाच-सहा वेळा करावं लागलं तर तो बिघाड नव्हे. सिलिंडर बदलल्यावरही हेच होतं. त्याहून जास्त वेळा मात्र करत बसू नका.

आणखी एक प्रकार असतो, तुमचा त्यातला नसावा, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. काही फ्रिज वीज की गॅस हे आपलं आपण ठरवतात. असा फ्रिज इंजिन बंद केल्यावर पंधरा मिनिटं गॅसकडे वळतच नाही, कारण गाडी पेट्रोल पंपावर थांबलेली असू शकते. लोक पाच मिनिटांत वैतागून तक्रार करतात.

हे सगळं ठीक निघालं तर गाडीच्या बाहेर या. फ्रिजमागे गाडीच्या भिंतीला दोन जाळ्या असतात, एक खाली, एक वर. थंडीसाठी त्यांच्यावर झाकणं लावली असतील तर आधी ती काढा. सिलिंडर बंद करा, फ्रिज गार होऊ द्या, मग खालची जाळी काढून टॉर्च मारा. कोपऱ्यात पत्र्याच्या छोट्या आडोशामागे बर्नर दिसेल, त्याच्यावर उभी धुराची नळी, म्हणजे फ्रिजची चिमणीच. हिवाळ्यात या नळीच्या आत गंज धरतो. गाडी खडखडत रस्त्याला लागली की गंजाचे तपकिरी पापुद्रे सुटतात आणि थेट खाली बर्नरच्या फटींवर पडतात. बर्नरच्या तळाशी चिमूटभर तपकिरी चुरा दिसला तर ओळखा. त्याच्या जोडीला कोळ्याचं जाळं. गॅसच्या बर्नरमध्ये कोळी घर करतात ही थट्टा नाही, सर्व्हिसिंग करणाऱ्या कोणालाही विचारा. बोटाच्या पेराएवढं पांढरं जाळं हवेची वाट अडवायला पुरतं.

आता जाळी उघडी ठेवूनच सिलिंडर चालू करा. यजमानांना आत फ्रिज गॅसवर लावायला सांगा आणि तुम्ही बाहेर कान देऊन उभ्या राहा. तोंड जवळ नेऊ नका. यातून जे कळतं ते महागड्या यंत्रालाही चटकन कळत नाही.

टिकटिक ऐकूच आली नाही, तर ठिणगी पडत नाहीये: बॅटरी, तार, किंवा ठिणगीची चिनीमातीची कांडी तडकलेली. टिकटिक दमदार आहे पण पेटल्याचा आवाज नाही, म्हणजे गॅस पोचत नाही: कॉक, हवा, नाहीतर बुजलेला जेट. आणि हलकासा "भप्प" होऊन ज्योत लागली, मग थोड्या वेळाने झडपेचा "टक्" आवाज येऊन विझली, तर गोष्ट वेगळी.

त्या "टक्"मागे थर्मोकपल असतो. ज्योतीत टोक खुपसून बसलेली ही तांब्याच्या तारेसारखी कांडी. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की तिच्यात अगदी किंचित वीज तयार होते, काही मिलिव्होल्ट. तेवढ्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत गेली की कांडी गार होते, झडप मिटते, आणि न जळलेला गॅस गाडीत साचत नाही. तुमचा जीव सांभाळणारा भाग आहे हा. म्हणून झडप दाबून धरायची, तार थेट जोडायची, असले उपाय कोणी सुचवले तर त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

थर्मोकपल जुना झाला, किंवा त्याचं टोक ज्योतीतून जरा बाजूला सरकलं, की चांगली ज्योतही विझते. पण जेट अर्धा बुजलेला असेल तरी नेमकं हेच होतं. ज्योत येते, पण आजारी, बुटकी. ती टोकापर्यंत पोचत नाही, टोक तापत नाही, झडप मिटते. तुमच्या पत्रातली दोन लक्षणं, बहुतेक वेळा न पेटणं आणि कधीमधी पेटून विझणं, एकत्र धरली तर माझा कौल जेट आणि बर्नरच्या कचऱ्याला आहे. नुसता थर्मोकपल गेला असता तर तो दर वेळी पेटून विझला असता.

म्हणून म्हटलं, सासऱ्यांचं निदान बरोबर. ज्यांनी प्रायमस स्टोव्हला पंप मारून, पिन घालून, रॉकेलच्या भडक्यात भुवया भाजून घेऊन पहाटे आंघोळीचं पाणी तापवलंय, त्यांना बुजलेलं छिद्र लांबून कळतं. (प्रायमसही स्टॉकहोमचाच, १८९२ सालचा. सासऱ्यांना सांगा, फ्रिज आणि स्टोव्ह गाववाले आहेत.) पण स्टोव्हचं निपल जाडजूड पितळेचं, पिन त्याच्या मापाचीच मिळायची, आणि निपल बिघडलंच तर बाजारात दुसरं. फ्रिजच्या जेटचं छिद्र अचूक मोजून पाडलेलं असतं. त्यात पिन गेली की ते केसभर मोठं होतं किंवा वाकडं होतं. मग गॅस जास्त, हवा कमी, ज्योत पिवळी, काजळी, आणि काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तुम्ही त्याच गाडीत झोपणार. जेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतात आणि फुंकून साफ करतात. तरी सुटला नाही तर नवा बसवतात. नवा जेट हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे.

आणि हे तुम्ही करायचं नाही. इथवर मी तुम्हाला बघायला, ऐकायला सांगितलं. गॅसचा एकही सांधा सोडवायला सांगितलेलं नाही. जेट काढायचा म्हणजे सांधा सुटतो, आणि पुन्हा जोडल्यावर दाब आणि गळती तपासावी लागते. ब्रिटनमध्ये त्यासाठी गॅस सेफ, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी असलेला माणूस बोलवा. त्याच्या ओळखपत्राची मागची बाजू जरूर वाचा. नुसती घरच्या बॉयलरची परवानगी असलेला चालत नाही, एलपीजी आणि कॅरव्हान-मोटरहोमचं काम तिथे लिहिलेलं असायला हवं. त्याला "फ्रिज बघा" असं मोघम सांगू नका. सांगा: बर्नर काढून साफ करा, जेट बदला, धुराची नळी ब्रशने झाडा, थर्मोकपलचं टोक ज्योतीत आहे का बघा, आणि रेग्युलेटरनंतरचा दाब मोजा. दाब २८, ३० की ३७ मिलिबार हवा ते गाडीच्या वयावर ठरतं, फ्रिजच्या आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. हातासरशी रबरी नळीवरची तारीखही बघायला लावा. जुन्या गाडीत रेग्युलेटरमध्ये तेलकट चिकट थर साचून दाब पडतो, तेही कळेल. शेगडीचे सगळे बर्नर एकदम पेटवल्यावर ज्योती खाली बसत असतील तर त्याला आधीच सांगून ठेवा.

गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आजच मागवा, इंजिनीयर येईपर्यंत थांबू नका. पेटीवर ईएन ५०२९१-२ लिहिलेलं बघून घ्या, तो मोटरहोमसाठीचा असतो. आणि गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर. दिव्याच्या बटणालासुद्धा हात नको. गळती शोधायला काडी पेटवणारे महाभाग अजून आहेत, म्हणून हेही लिहिलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गाडी चालवताना फ्रिज गॅसवर ठेवू नका. त्यासाठीच तर १२ व्होल्ट दिलंय. पेट्रोल पंपावर उघडी ज्योत घेऊन शिरणं हा सरळसरळ धोका आहे. फेरी बोटीवर किंवा समुद्राखालून जाणाऱ्या युरोटनेलला गॅस बंदच ठेवायचा असतो. चालत्या गाडीत वाऱ्याने ज्योत विझते ते निराळंच.

उत्तर किनाऱ्यावर पुन्हा जाणार असाल तर वाऱ्याचं लक्षात ठेवा. तिथे समुद्रावरून येणारा वारा खालच्या जाळीत घुसून धडधाकट ज्योतही विझवतो. मुक्कामाला गाडी लावताना फ्रिजची बाजू वाऱ्याच्या आड ठेवा. आणि गाडी सपाट जागी उभी करा. आतला द्रव उतारानेच वाहतो, त्यामुळे एका बाजूला कललेल्या गाडीत ज्योत छान जळते आणि फ्रिज तरीही कोमटच राहतो. नवे लोक तेव्हाही बर्नरलाच दोष देतात.

दुरुस्ती झाल्यावर थेट स्कॉटलंड गाठू नका. घरापुढे सपाटीवर एक रात्र फ्रिज फक्त गॅसवर चालवा. आत पाण्याचा पेला आणि त्यात थर्मामीटर ठेवा. हे फ्रिज सावकाश थंड होतात, सहा-आठ तास द्या. तासाभरात बर्फाच्या कप्प्याची पाठ हाताला गार लागली तर गाडी रुळावर आहे. सकाळी पाण्याचं तापमान पाचाच्या आसपास असायला हवं. आठाच्या वर असेल तर इंजिनीयरला परत बोलवा, आणि त्याला बाहेरच्या जाळीतून दिसणारी ज्योत निळी आहे की पिवळी ते आधी फोनवर सांगा.